काळ्या पट्ट्यांची भीती

मराठीच्या अध्यापकाला पाठचिकित्सेचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत कोणी स्वतःची ओवी घुसडू नये असे बजावले, हे आपण पहिल्याच वर्षी शिकवतो. भांडारकर संस्थेने १९१९ साली हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती पूर्ण व्हायला १९६६ साल उजाडले, हेही अभिमानाने सांगतो. आणि त्याच वर्गात ‘साहित्य आणि चित्रपट’ शिकवताना ‘संत तुकाराम’ची (१९३६) अशी प्रत लावतो, की जीत विष्णुपंत पागनीसांचा चेहरा मुळाहून एकतृतीयांशाने रुंद झालेला असतो. ओवीतला एक शब्द बदलला तर लेख लिहिणारे आपण या प्रतीपुढे मुकाट बसतो. आमचा आक्षेप या मौनावर आहे.

हे कसे घडते? दामले-फत्तेलालांच्या काळातील चित्रपटाची चौकट जवळपास ४:३ या प्रमाणाची. आजचा पडदा १६:९ प्रमाणाचा. ४:३ चे चित्र या पडद्यावर ठेवले, की डावी-उजवीकडे काळ्या पट्ट्या उरतात. या पट्ट्या पाहून प्रत करणाऱ्याचा जीव कासावीस होतो. पडद्याचा काही भाग वाया गेला असे त्याला वाटते. मग तो चित्र ताणतो, नाहीतर वरून-खालून कापतो. ताणले तर रुंदी ३३ टक्क्यांनी वाढते. कापले तर उंचीचा चौथा हिस्सा जातो. भक्तिपटातून उंचीचा चौथा हिस्सा जाणे म्हणजे काय, याचा विचार करावा. कपाळावरचा टिळा किंवा विटेवरची पावले, यांतले काहीतरी चौकटीबाहेर जाणारच.

उलट दिशेचा अपराध सिनेमास्कोपच्या बाबतीत घडला. ‘कागज के फूल’ (१९५९) हा भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट मानला जातो. गुरुदत्त आणि छायाचित्रकार व्ही. के. मूर्ती यांनी रिकाम्या स्टुडिओतले एकटेपण त्या रुंदीतूनच उभे केले. २.३५:१ ची अशी चौकट जुन्या ४:३ दूरचित्रवाणी संचावर पूर्ण भरायची, तर सुमारे ४३ टक्के चित्र फेकून द्यावे लागते. रिकामी जागा कापून टाकल्यावर एकटेपणाविषयी विद्यार्थ्याने निबंध कशाच्या आधारावर लिहावा?

येथे एक बचाव नेहमी पुढे येतो : ‘आम्ही काय करणार? यंत्रच तसे मागते.’ या बचावात अर्धे तथ्य आहे. डीव्हीडी प्लेअर हे हट्टी यंत्र आहे. आपल्याकडच्या पाल पद्धतीत त्याला ७२० गुणिले ५७६ पिक्सेलची चौकट, सेकंदाला २५ फ्रेम आणि सहसा एम्पेग-२ हीच भाषा लागते. साध्या एकपदरी तबकडीची मर्यादा ४.७ जीबी. तेव्हा फाइलचा आकार बदलणे व ती पुन्हा एन्कोड करणे अटळ होते, हे मान्य. पण चित्र कापावे किंवा ताणावे, असे यंत्राने कधीच म्हटले नाही. ४:३ चा चित्रपट त्या चौकटीत नेमका मावतो. फक्त प्रमाणाची खूण ४:३ अशी ठेवावी लागते. ती १६:९ अशी पडली, की सगळे पात्रवृंद आडवे सुजतात. सिनेमास्कोप चित्राला ४:३ च्या चौकटीत सुमारे ३२७ ओळी मिळतात, बाकीच्या काळ्या राहतात. राहू द्याव्यात. काळी पट्टी हा हस्तलिखिताचा समास आहे; समास रिकामा दिसला म्हणून कोणी त्यात अक्षरे भरत नाही.

काळाचीही अशीच हेळसांड होते. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमने चित्रित होतो. तो २५ ने पळवला, की दोन तासांचा चित्रपट जवळजवळ पाच मिनिटे आधी संपतो आणि आवाजाची पट्टी वेगळी सुधारली नाही, तर काळी एकमधला अभंग पांढरी दोनच्या दिशेने सरकतो. एकाच तबकडीवर तीन चित्रपट कोंबण्याचा मोह आणखी घातक. दोन तासांच्या एका चित्रपटाला सेकंदाला सुमारे ५ मेगाबिट मिळाले असते, तेथे तिघांना प्रत्येकी पावणेदोनही मिळत नाहीत. मग फिल्मचे कण ‘खराबी’ म्हणून पुसले जातात आणि त्यांच्याबरोबर चेहऱ्यावरच्या सुरकुत्याही.

‘डीव्हीडीचा जमाना संपला, आता हा वाद कशाला?’ असे कोणी विचारील. तबकड्या कपाटात गेल्या हे खरे. त्यांच्यावरून केलेल्या प्रती मात्र आज फोनच्या पडद्यावर फिरत आहेत. चुकीच्या पोथीवरून नक्कल झाली, की चूक पुढच्या प्रत्येक नकलेत उतरते. पोथ्यांची वंशावळ मांडण्याचे शास्त्र आपण जाणतो. मग येथे ते का विसरावे? जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फितींच्या कोठाराला आग लागली आणि अनेक जुन्या चित्रपटांच्या फिती नष्ट झाल्या. मूळ प्रती अशा दुर्मीळ होत असताना नकलेची जबाबदारी वाढते.

मागणी फार मोठी नाही. मराठी विभागांनी आपल्या संग्रहातल्या प्रत्येक चित्रपटासोबत पोथीच्या शेवटी असते तशी पुष्पिका ठेवावी : प्रत कशावरून केली, चौकटीचे प्रमाण काय, फ्रेमचा वेग किती, लांबी किती मिनिटे, काय कापले, कोणी आणि केव्हा. ज्या फाइलवरून प्रत केली ती पुसू नये. आणि वर्गात काळ्या पट्ट्यांविषयी कुरकुर झाली, तर चित्र ताणण्याऐवजी त्या पट्ट्या का आहेत हे सांगावे. तो पाठचिकित्सेचाच एक तास होईल, आणि अभ्यासक्रमातल्या कित्येक तासांपेक्षा अधिक उपयोगी ठरेल.