देवबागला दोन गुंठे

कोल्हापुरात सुटी म्हटली की मालवण. राधानगरीवरून फोंडा घाट उतरायचा, संध्याकाळी तारकर्लीला पाय पाण्यात घालायचे आणि रात्री तांबड्या-पांढऱ्या रश्श्याला विसरून बांगड्यावर ताव मारायचा. हे वर्षानुवर्षे चालत आले आहे. अलीकडे मात्र नात्यागोत्यात आम्ही वेगळेच बोलणे ऐकतो. ईदच्या जेवणानंतर कुणीतरी हळूच म्हणतो, "देवबागला दोन गुंठे मिळताहेत, चार खोल्या बांधल्या तर पर्यटक येतील." निवृत्तीची रक्कम, प्रसंगी घरातले सोनेसुद्धा या बोलण्यात येते. म्हणून देवबाग म्हणजे नेमके काय, ते आधी पाहू.

तारकर्लीपासून दक्षिणेला वाळूची एक लांबट पट्टी गेली आहे. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदी आणि टोकाला दोघांचा संगम. काही ठिकाणी एका पाण्यापासून दुसऱ्या पाण्यापर्यंत पाच-सात मिनिटांत चालत जाता येते. नदीने आणि लाटांनी आणलेल्या वाळूवरच माड, घरे, शाळा, मंदिर सारे उभे आहे. खाली कातळाचा आधार नाही. संगमापाशी जिथे होड्या नेतात, ते 'त्सुनामी बेट' म्हणजेही वाळूच. २००४ च्या त्सुनामीनंतर ते वर आले, असे तिथले लोक सांगतात. भरतीला त्याचा बराच भाग पाण्याखाली जातो.

अशी वाळू एका जागी बसून राहत नाही. पावसाळ्यात उंच लाटा किनाऱ्याची वाळू ओढून आत नेतात, दिवाळीनंतर शांत लाटा ती परत आणून टाकतात. आपण जातो ते नेमके वाळू परत आल्यावर, त्यामुळे किनारा आपल्याला नेहमी रुंदच दिसतो! तिथल्या माणसाला मात्र जुलैतला किनारा ठाऊक असतो. देवबागला समुद्राने जमीन आणि माड गिळल्याच्या तक्रारी जुन्या आहेत. त्यासाठी दगडांचे बंधारे घातले गेले. बंधाऱ्यामागचे घर काही काळ वाचते, पण दगडावर आपटलेली लाट पायथ्याची वाळू उकरते आणि बंधारा संपतो तिथे शेजाऱ्याची जमीन जास्त झिजते. वाळू धरून ठेवते ती मर्यादवेल, जांभळ्या फुलांची. अंगण साफ दिसावे म्हणून तीच आधी उपटली जाते.

अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर अशा वाळूच्या बेटांची लांबच लांब रांग आहे. तिथे हॅटेरस नावाच्या टोकावर १८७० मध्ये बांधलेला विटांचा उंच दीपस्तंभ आहे. समुद्र त्याच्या पायाशी आला तेव्हा १९९९ मध्ये तो अख्खा उचलून सुमारे ८८० मीटर मागे नेला. त्याच बेटांवरची काही घरे अलीकडच्या वर्षांत लाटांत कोसळली. पैसेवाल्या देशालाही दीपस्तंभ हलवता आला, पण सगळी घरे वाचवता आली नाहीत.

आम्हा कोल्हापूरकरांना पंचगंगेची निळी आणि लाल पूररेषा २०१९ नंतर पाठ झाली. तशीच किनाऱ्याला भरतीरेषा असते. तिच्यापासून किती अंतरात बांधता येते याचे नियम १९९१ पासून आहेत, २०११ आणि २०१९ मध्ये ते बदलले आणि खाडीकाठालाही लागू आहेत. एजंटाच्या नकाशावर ही रेषा बहुधा नसते. ती तहसील कार्यालयात विचारावी, सातबारा तपासावा आणि मगच इसाराची रक्कम द्यावी.

आणखी एक, पाण्याचे. वाळूत मुरलेले पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. घरापुरते उपसले तर विहीर गोड राहते. दहा खोल्यांच्या शॉवरसाठी पंप लावला की खालचे खारे वर येते, आणि मग शेजारच्या म्हातारीचीही विहीर नासते. जागा पाहायला डिसेंबरात जाऊ नये. मे महिन्याच्या शेवटी जावे, त्या म्हातारीच्या विहिरीचे पाणी चाखावे आणि तिच्या लग्नाच्या वेळी समुद्राकडे माडांच्या किती रांगा होत्या, ते विचारावे.