झाडाला नंबर, माणसाला नोटीस

येरवड्यातलं सगळ्यात प्रसिद्ध झाड तुरुंगाच्या भिंतीआड आहे. १९३२ च्या सप्टेंबरमध्ये येरवडा कारागृहाच्या आवारातल्या एका आंब्याखाली गांधींची खाट होती. तिथे चाललेल्या वाटाघाटींतून २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. बाबासाहेबांनी झगडून मिळवलेले स्वतंत्र मतदारसंघ त्या कराराने गेले आणि संयुक्त मतदारसंघातल्या राखीव जागा आल्या. २६ जानेवारी २०२१ पासून सरकारने तुरुंग पर्यटन सुरू केलं. आता शाळकरी मुलांना ती जागा दाखवली जाते. झाडाचं जतन झालं, चांगलंच झालं. पण त्या भिंतीबाहेरच्या झाडांचं काय? आणि त्या झाडांखाली राहणाऱ्या माणसांचं काय?

प्रश्न साधा आहे. या शहरात कोणतं झाड 'संरक्षित' ठरतं आणि कोणतं 'अडथळा' ठरतं, हे कोण ठरवतं?

कायदा कागदावर वाईट नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ सालचा आहे. खासगी प्लॉटवरचं झाडसुद्धा मालकाला मनाला येईल तेव्हा तोडता येत नाही. वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते आणि जे झाड तोडायचं आहे त्या झाडावरही नोटीस लावावी लागते. परवानगी मिळाली तरी १५ दिवस कुऱ्हाड लावता येत नाही. दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायची आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरच्या झाडाला 'वारसा वृक्ष' ठरवलं. तोडलेल्या झाडाचं जेवढं वय, तेवढी नवी झाडं लावायची आणि सात वर्षं जगवायची, असंही त्यात आलं.

मग झाडं जातात कुठे? ती एका रात्रीत जात नाहीत. ती निवडून निवडून जातात. प्लॉट 'साफ' करण्याची एक ठरलेली रीत आहे. बांधकाम चालू असलेल्या कोणत्याही वॉर्डात डोळे उघडे ठेवून फिरलात तर ती ओळखता येते. आधी जेसीबी येतो आणि झाडोरा, बाभळी, सुबाभूळ काढतो. त्याला कोणी झाड म्हणतच नाही. मग राहिलेल्या मोठ्या झाडाभोवती खडी आणि डबर पडतं, बुंध्यापर्यंत काँक्रीट येतं, पायाच्या खड्ड्यात मुळं तुटतात. दोन उन्हाळ्यांत झाड वाळतं. मग अर्ज येतो, झाड धोकादायक आहे, जीवित आणि मालमत्तेला धोका आहे. आता परवानगी नाकारायची कशी? झाड खरंच धोकादायक झालेलं असतं. ते धोकादायक कोणी केलं, हे विचारणारा रकाना मात्र कुठे दिसत नाही.

मोठ्या प्लॉटवर दुसरी युक्ती चालते, तुकडे पाडण्याची. २०१७ च्या दुरुस्तीने २५ झाडांपर्यंतच्या अर्जांचा निर्णय प्राधिकरणाच्या बैठकीशिवाय एकट्या आयुक्तांनी घ्यावा, अशी सोय केली. ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. पण अशी मर्यादा ठेवली की काय होतं, हे कळायला वकील व्हावं लागत नाही. शंभर झाडांचा एक अर्ज होत नाही, त्याचे पाच होतात.

आता दुसरी बाजू बघा. नागपूर चाळ, जयप्रकाशनगर, लक्ष्मीनगर, गांधीनगर इथल्या एखाद्या बाईने पत्र्यावर टेकलेली फांदी पावसाळ्याआधी छाटली, तर तिला कायदा ऐकवला जातो. तो ऐकवायला हरकत नाही, कायदा सगळ्यांना सारखा हवा. पण त्याच बाईचं घर नाल्याच्या कडेला आहे म्हणून 'पर्यावरणाला धोका' ठरतं आणि थोड्या अंतरावर नदीच्या काठाला काँक्रीटचे घाट बांधणं 'सुशोभीकरण' ठरतं. ४४ किलोमीटरच्या नदीकाठ प्रकल्पाचं भूमिपूजन ६ मार्च २०२२ ला पंतप्रधानांच्या हस्ते झालं. बंडगार्डन-येरवडा परिसरातल्या झाडांसाठी एप्रिल २०२३ मध्ये पुणेकर रस्त्यावर उतरले. ते उतरले याचं स्वागत आहे. पण त्यांच्यापैकी किती जण वस्तीवर बुलडोझर येतो तेव्हा उतरतात? मुंबईत १९९७ नंतर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या हजारो झोपड्या पाडल्या गेल्या, त्या एका पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवरच्या आदेशानं. जंगल वाचवायचं म्हणून माणूस काढला. आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेत मेट्रो कारशेडसाठी दोन हजारांहून जास्त झाडं पाडली, तेव्हा पाड्यांवरच्या आदिवासींना कोणी विचारलं नाही. त्या वेळी आरेत जाणाऱ्या अॅड. प्रकाश आंबेडकरांना पोलिसांनी ताब्यात घेतलं होतं, हे लक्षात ठेवा. म्हणजे गरज पडली की झाडासाठी माणूस हलतो आणि गरज पडली की प्रकल्पासाठी झाडही हलतं. हलत नाही ती एकच गोष्ट, जमिनीचा भाव.

आपल्यातलेच काही मित्र म्हणतात, "झाडंबिडं हा बंगलेवाल्यांचा विषय. आपल्याला आधी घर पाहिजे." या मित्रांचा राग समजतो, पण हिशोब चुकतो. बंगलेवाल्याचं झाड गेलं तर तो एसी लावतो. वस्तीतलं झाड गेलं तर एप्रिल-मे महिन्यात पत्र्याखालचं बाळ तापतं. पिंपळाखाली बसणारा चप्पल शिवणारा, लिंबाखाली गाडी लावणारी भाजीवाली, सकाळची पाळी संपवून दोन घटका टेकणाऱ्या सफाई कामगार महिला, यांचं दुकान, यांची विश्रांती, यांची सभा झाडाखालीच असते. सावली ही गरिबाची मालमत्ता आहे. तिचा सातबारा नसतो म्हणून ती कोणाच्या हिशोबात येत नाही. आणि भरपाईची झाडं लावायची वेळ आली की ती दूरच्या टेकडीवर लागतात. सावली येरवड्याची गेली, रोपं भलतीकडे उगवली आणि कागदावर बेरीज बरोबर आली!

"घर की झाड" हा प्रश्नच खोटा आहे आणि तो खोटा आहे हे येरवड्यानेच दाखवून दिलं आहे. जेएनएनयूआरएमच्या बीएसयूपी योजनेत इथल्या वस्त्यांमध्ये जागेवरच घरं बांधली गेली. महिला मिलनच्या बायका त्यात पुढे होत्या. घर २७० चौरस फुटांचं, रहिवाशाचा वाटा दहा टक्के. मुख्य गोष्ट ही की सगळी वस्ती सपाट केली नाही. जी पक्की घरं होती ती ठेवली, जी कच्ची होती तीच नव्याने बांधली. गल्ल्या राहिल्या, शेजार राहिला. मग प्रश्न असा पडतो की इतक्या दाटीच्या वस्तीत, इतक्या कमी पैशात उभं आहे ते सांभाळून बांधता येतं, तर एकराच्या प्लॉटवर आर्किटेक्ट लावून इमारत चार झाडं सोडून का उभी राहत नाही? जमत नाही म्हणून नव्हे. तसं करायला कोणी भाग पाडत नाही म्हणून.

निवड दोन्हीकडे आहे. वस्तीने काय वाचवायचं ते निवडलं. बिल्डर काय संपवायचं ते निवडतो. महापालिकेने कोणाची निवड मान्य करायची, हे राजकारण आहे. उद्यान विभागाच्या टेबलावर ठेवून ते तांत्रिक होत नाही.

बाबासाहेबांनी १९२७ मध्ये महाडला पाण्यावरचा हक्क मागितला. तो तहानेपुरता नव्हता, जे सार्वजनिक आहे ते सगळ्यांचं आहे हे सिद्ध करण्यासाठी होता. सावली, हवा, नदीचा काठ हेही सार्वजनिक आहे. १ जुलै २०२४ ला दीक्षाभूमीवर भूमिगत पार्किंगच्या खोदकामाविरुद्ध आपले लोक उसळले. स्तूपाला आणि बोधिवृक्षाला धोका आहे, हे त्यांनी ठणकावून सांगितलं आणि सरकारला त्याच दिवशी काम थांबवावं लागलं. तो जोर फक्त दीक्षाभूमीसाठी राखून ठेवायचा नाही. तो वॉर्डातही दिसला पाहिजे.

म्हणून येरवड्यातल्या कार्यकर्त्यांनी, विशेषतः तरुणांनी, ही कामं हातात घ्यावीत.

एक, वस्तीतल्या झाडांची आपली यादी करा. जात, बुंध्याचा घेर, अंदाजे वय, फोटो. ५० वर्षांवरचं झाड असेल तर वारसा वृक्ष म्हणून नोंद करा असा अर्ज द्या आणि पोच घ्या.

दोन, आपल्या भागात वृक्षतोडीचे किती अर्ज आले, किती मंजूर झाले, भरपाईची झाडं कुठे लावली आणि त्यातली किती जगली, हे माहितीच्या अधिकारात विचारा. येरवडा-कळस-धानोरी क्षेत्रीय कार्यालयात एक अर्ज टाकून थांबू नका, दर तीन महिन्यांनी टाका.

तीन, झाडावर नोटीस दिसली की त्याच दिवशी फोटो काढा आणि मुदतीत लेखी हरकत द्या. नोटीस न लावता तोड सुरू असेल तर तेच तक्रारीचं पहिलं कलम करा.

चार, महापालिकेकडे दोन मागण्या ठामपणे मांडा. भरपाईची झाडं त्याच प्रभागात लागली पाहिजेत. आणि 'धोकादायक' म्हणून आलेल्या प्रत्येक अर्जात मुळांजवळ बांधकाम झालं होतं का, याची तपासणी झाली पाहिजे.

पाच, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. झाड वाचवा म्हणणारी संघटना आपल्याकडे आली तर तिला सोबत घ्या, पण आधी विचारा, वस्ती हटवायची वेळ आली तर तुम्ही कोणत्या बाजूला उभे राहाल? उत्तर ऐकूनच हात मिळवा.

ओल्गा टेलिस खटल्यात १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. ज्या झाडाखाली उपजीविका चालते, ते झाड त्या हक्काबाहेर कसं राहील? झाडाला नंबर देताना त्याच्या सावलीतल्या माणसाचीही गणती करा. दोघांपैकी एकाला वगळून केलेली कोणतीही यादी आम्हाला मान्य नाही.

जय भीम!