नकली म्हणे नकली!

वॉर्सा बघून आलेल्या आपल्या मंडळींना "कसं आहे शहर?" म्हणून विचारून बघा. बहुतेक वेळा उत्तर येतं, "छान आहे, पण नकली आहे. ते ओल्ड टाऊन वगैरे सगळं युद्धानंतर बांधलेलं आहे." ऐकणाऱ्याच्या लक्षात 'पण'नंतरचं तेवढं राहतं. मग तो वॉर्साला फक्त गाडी बदलतो आणि क्राकूफ गाठतो. हे 'नकली' प्रकरण मला अजिबात पटत नाही, आणि का पटत नाही ते आज जरा सविस्तर लिहायचं आहे. (लांबलं तर सांभाळून घ्या. घरच्यांना सवय आहेच.)

मे महिन्यातल्या एका जोडून आलेल्या सुट्टीत आम्ही पाच जण बर्लिनहून वॉर्साला गेलो होतो. जवळजवळ सहा तासांचा रेल्वेप्रवास, पोळीभाजीचे डबे, पत्ते, सगळं साग्रसंगीत. शनिवारी सकाळी जुन्या शहराच्या चौकात पोचलो. पिवळ्या, गेरूच्या, पिस्त्याच्या रंगाची अरुंद घरं एकमेकांना खेटून उभी, मधोमध तलवार उगारलेली जलपरी. सगळे खूष. फोटो झाले. पिएरोगी झाले (उकडलेल्या करंज्या समजा, सारण बटाट्याचं आणि ताज्या चीजचं). तेवढ्यात आमच्यातल्या एकाने फोनवर वाचून दाखवलं की हा अख्खा चौक १९५३ साली पुरा झाला. झालं! "म्हणजे डुप्लिकेट?" "म्हणजे फिल्म सिटीतला सेटच की!" पुढचा तासभर हेच. पुढच्या वेळी क्राकूफला जायचं, ते ओरिजिनल आहे, असा ठरावही पास झाला.

माझा प्रश्न साधा आहे. मिनिटभरापूर्वी जी कमान सुंदर होती तिची एकही वीट हललेली नाही, मग बिघडलं काय? हातमागाची म्हणून घेतलेली साडी यंत्रमागाची निघाली की जसं वाटतं, तसं काहीसं झालं होतं. पण तिथे दुकानदाराने आपल्याला फसवलेलं असतं. इथे कुणी कुणाला फसवलं?

आधी काय झालं ते बघू. १ ऑगस्ट १९४४ला वॉर्सामध्ये जर्मनांविरुद्ध उठाव सुरू झाला. तो ६३ दिवस चालला. दीड ते दोन लाख सामान्य नागरिक त्यात मेले. शरणागतीनंतर उरलेल्या लोकांना शहराबाहेर हाकललं, आणि मग जर्मन तुकड्यांनी रिकामं शहर पद्धतशीरपणे जाळलं आणि सुरुंगांनी उडवलं. लढाईत पडझड होते तशी ही पडझड नव्हती. लढाई संपली होती. जुन्या शहराचा ८५ टक्क्यांहून जास्त भाग नष्ट झाला. राजवाडा १९३९मध्ये बॉम्बहल्ल्यात जळला होताच, तो १९४४मध्ये सुरुंग लावून उडवून दिला. या जागी असं शहर आणि असे लोक कधी होते हे कुणाच्या लक्षातच राहू नये, हा हेतू होता.

अशा वेळी शहर पुन्हा बांधणं ही हौस नसते. ते एका हुकुमाला दिलेलं उत्तर असतं. फेब्रुवारी १९४५मध्ये, म्हणजे युरोपातलं युद्ध संपायच्याही आधी, राजधानीच्या पुनर्बांधणीसाठी एक कार्यालय उभं राहिलं. त्यातल्या ऐतिहासिक वास्तूंच्या विभागाची सूत्रं यान झाख्वातोविच या वास्तुतज्ज्ञाकडे होती. पण नुसत्या इच्छेवर घर उभं राहत नाही. खिडकी किती रुंद होती, कमान कुठून वळत होती, हे कुणाला तरी माहीत असावं लागतं. ते माहीत होतं, कारण वॉर्सा पॉलिटेक्निकमधले प्राध्यापक आणि विद्यार्थी युद्धाच्या आधीपासून जुन्या इमारतींची मोजमापं घेऊन आराखडे काढत होते. जर्मनांच्या ताब्यातल्या शहरातही ते काम चोरून चालू राहिलं. उठावानंतर ते कागद शहराबाहेर काढून एका मठात लपवून ठेवले गेले. शिवाय अठराव्या शतकात बेर्नार्दो बेलोत्तो नावाच्या इटालियन चित्रकाराने पोलंडच्या राजासाठी वॉर्साच्या रस्त्यांची बारकाईने रंगवलेली चित्रं होतीच. त्यांचाही आधार घेतला गेला. गंमत म्हणजे बेलोत्तोने काही ठिकाणी चित्रात स्वतःच्या मनाने थोडी सजावट केली होती, आणि तीही आता दगडाविटांत उभी आहे!

आता फसवणुकीचा मुद्दा. नकली वस्तू स्वतःचं वय लपवते. वॉर्सा लपवत नाही. राजवाड्यासमोर राजा झिगमुंटचा खांब आहे, मूळचा १६४४चा. सप्टेंबर १९४४मध्ये तो पाडला गेला. आज राजा वर उभा आहे तो १९४९च्या नव्या दगडी खांबावर, आणि आधीचे तुटलेले खांब शेजारीच, राजवाड्याच्या भिंतीलगत, उघड्यावर आडवे ठेवलेले आहेत. वाटेने जाणाऱ्या कुणालाही दिसतील असे. ज्याला जुनेपणाची बतावणी करायची आहे तो हा पुरावा दारात मांडून ठेवेल का? चौकातल्या घरांच्या दर्शनी भागावरची बरीचशी चित्रं आणि नक्षी १९५०च्या दशकातल्या कलावंतांनी स्वतःच्या कल्पनेने केलेली आहे. घरांच्या आत तर सरळ तेव्हाच्या गरजेचे फ्लॅट काढले, कारण माणसांना राहायला जागा हवी होती. ही पुनर्बांधणी कशी झाली याचं एक छोटं संग्रहालयही त्याच जुन्या शहरात आहे. युनेस्कोने १९८०मध्ये या भागाला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, ते तेराव्या शतकापासूनचा इतिहास असलेल्या शहराची जवळजवळ संपूर्ण पुनर्बांधणी म्हणूनच. सगळ्यांना सगळं ठाऊक आहे. फोनवर १९५३ वाचून दचकलो ते फक्त आपण.

क्राकूफ सुंदर आहे, यात वाद नाही. पण क्राकूफ त्या युद्धातून बरंचसं धड वाचलं हे त्याचं नशीब. वॉर्सा उभं राहिलं ते माणसांच्या मेहनतीने. नशिबाला शंभर गुण आणि मेहनतीला नापास, ही कुठली परीक्षापद्धत?

यावर आमच्यातल्या वास्तुरचना शिकलेल्या मैत्रिणीने चांगला मुद्दा काढला. ती म्हणाली, "नकली म्हणू नको, ठीक. पण काय बांधायचं आणि काय गाळायचं हे कुणीतरी ठरवलंच ना?" हा आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देता येत नाही. १९४५नंतरच्या राज्यकर्त्यांना आणि वास्तुतज्ज्ञांना सतराव्या-अठराव्या शतकातलं शहर आवडत होतं, एकोणिसाव्या शतकातल्या भाड्याच्या चाळवजा इमारती आवडत नव्हत्या. त्यातल्या पुष्कळशा दुरुस्त होण्यासारख्या असूनही पाडल्या गेल्या. पुनर्बांधणीसाठी व्रॉत्सवाफसारख्या शहरांतून विटा आणल्या, म्हणजे तिथली घरं इथल्या घरांसाठी खर्ची पडली. संपूर्ण राष्ट्र आपली राजधानी बांधत आहे, अशी कम्युनिस्ट सरकारची घोषणा होती आणि तिच्यात प्रचाराचा वाटा मोठा होता. राजवाड्याच्या बाबतीत तर याच सरकारने १९७१पर्यंत चालढकल केली. नंतर तो लोकांच्या देणग्यांतून उभा राहिला आणि १९८४मध्ये खुला झाला.

सगळ्यात बोचणारी गोष्ट जुन्या शहरापासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे. मुरानूफ हा भाग. युद्धाआधी वॉर्साचे जवळजवळ ३० टक्के रहिवासी ज्यू होते आणि मुरानूफ हा त्यांच्या वस्तीचा गाभा. जर्मनांनी तिथे घेट्टो केला, माणसं मारली आणि १९४३च्या उठावानंतर घरं जमीनदोस्त केली. तिथे जुनं काही पुन्हा बांधलं गेलं नाही. ढिगाऱ्यावरच, ढिगाऱ्यातल्याच विटांचा चुरा वापरून नव्या वसाहती उभ्या केल्या. १६ मे १९४३ला उडवून दिलेल्या मोठ्या सिनेगॉगच्या जागी आज काचेचा निळा टॉवर आहे. बांधा म्हणून हट्ट धरायला माणसंच उरली नव्हती.

म्हणून मला वाटतं, अशा शहरात गेल्यावर "हे ओरिजिनल आहे का?" हा प्रश्नच कुचकामी आहे. कोणी बांधलं, कोणासाठी बांधलं आणि कोणाचं राहून गेलं, हे विचारायला हवं. 'नकली' म्हणून हात झटकले की हे प्रश्न विचारावेच लागत नाहीत, आणि माझा खरा राग त्यावर आहे.

नुसतं अस्सल असण्याची किंमत किती, हे बघायचं तर त्याच वॉर्सात मध्यभागी २३७ मीटर उंचीचा संस्कृती आणि विज्ञान प्रासाद उभा आहे. सोव्हिएत रशियाने दिलेली भेट, १९५५मध्ये पूर्ण झालेली. पायापासून कळसापर्यंत एकदम ओरिजिनल! आणि ती पाडून टाका म्हणणारे लोक १९८९नंतर पुन्हा पुन्हा निघाले आहेत. शेवटी २००७मध्ये तिची संरक्षित वास्तू म्हणून नोंद झाली. म्हणजे १९५३चं जुनं शहर लोकांना आपलं वाटतं आणि १९५५चा अस्सल प्रासाद अनेकांना डोळ्यात खुपतो. कुठे गेली तुमची अस्सलपणाची कसोटी?

सगळीच पुनर्बांधणी पवित्र असते असं मात्र मी म्हणत नाही. आम्ही राहतो त्या बर्लिनमध्ये प्रशियाच्या राजांचा वाडा पुन्हा उभा राहिला आणि २०२०-२१मध्ये खुला झाला. त्या जागी पूर्व जर्मनीच्या काळातली संसदेची इमारत होती, ती आधी पाडून टाकली. तिथे लग्नाचे वाढदिवस साजरे केलेली, नाचलेली माणसं अजून हयात आहेत. एक आठवण बांधायला दुसरी पुसली तर तिथे मी आमच्या मैत्रिणीच्या बाजूने भांडेन.

तुम्ही म्हणाल, पोलंडच्या विटांसाठी हा कोल्हापूरचा माणूस एवढा का तापलाय? एक कारण वॉर्सातच आहे. माँते कासिनोच्या युद्धस्मारकाजवळ कोल्हापूरच्या नावाचं एक छोटं स्मारक आहे, २०१७मध्ये उभारलेलं. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथल्या छावणीत सुमारे ५००० पोलिश निर्वासित राहिले, मुख्यतः बायका आणि मुलं. सोव्हिएत राजवटीने सैबेरियात हाकललेली, इराणमार्गे आलेली ही माणसं. त्यांच्यातल्या अनेकांची मूळ गावं युद्धानंतर पोलंडच्या हद्दीतच राहिली नाहीत. 'मूळ' हा शब्द आपण पर्यटक किती सहज वापरतो, तो त्यांच्यासमोर वापरून बघावा.

दुसरं कारण जास्त ताजं आहे. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५मध्ये पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेलं हे नाट्यगृह. आमच्या घरात तीन पिढ्यांनी तिथे नाटकं पाहिली आहेत. काकांना त्या रात्री झोप लागली नव्हती, हे त्यांनी फोनवर सांगितलं तेव्हा मी काहीच बोलू शकलो नाही. मग जसं होतं तसंच उभारा अशी कलावंतांनी मागणी केली आणि पुन्हा उभारणीचं काम हाती घेतलं गेलं. आणि आमच्याच ओळखीतले काही शहाणे तेव्हा म्हणत होते, "जळलं ते जळलं. आता बांधाल ते डुप्लिकेटच. त्यापेक्षा चकाचक मल्टिप्लेक्स का नको?"

वॉर्साच्या चौकातला 'नकली' आणि हा 'डुप्लिकेट' ही एकाच जातीची पोरं आहेत. पहिला बोलून आपण फक्त एक पिकनिक बिघडवतो, दुसऱ्याने एक वास्तू कायमची जाऊ शकते. पडद्याआडची घंटा ऐकून ज्यांच्या अंगावर काटा यायचा त्यांच्यासाठी, आणि ज्यांनी ती अजून ऐकलेली नाही त्यांच्यासाठी ते नाट्यगृह तिथे असायला हवं. तुळई कोणत्या सालातली आहे हा प्रश्न नंतरचा. फक्त दारावर स्पष्ट लिहावं: १९१५मध्ये बांधलं, २०२४मध्ये जळालं, अमुक साली पुन्हा बांधलं. आणि जळलेल्या लाकडाचा एखादा तुकडा आत सगळ्यांना दिसेल असा ठेवावा, वॉर्साने खांब ठेवलेत तसा.

आणखी एक गोष्ट, ती मात्र आग लागायच्या आधी करायची आहे. वॉर्सा पुन्हा बांधता आलं कारण कुणीतरी आधी टेप घेऊन घराघरात फिरलं होतं. आपल्याकडच्या किती वाड्यांचे, देवळांच्या ओवऱ्यांचे, जुन्या तालमींचे मोजून काढलेले आराखडे आहेत? आपल्याकडे त्यांच्यासमोर उभं राहून काढलेले आपलेच फोटो आहेत, आणि त्यात वाडा निम्मा आपल्या डोक्यामागे गेलेला असतो. येत्या सुट्टीत गावी जाल तेव्हा पन्नास फुटी टेप आणि चौकटीची वही बरोबर न्या. भाच्यापुतण्यांना कामाला लावा. सोप्याची रुंदी, खांबांची उंची, जिन्याच्या पायऱ्या, देवळीचा आकार, सगळं लिहून काढा आणि त्याच्या तीन प्रती तीन घरांत ठेवा. मी आमच्या आजोळच्या घरापासून सुरुवात करतोय. मामांना कळवलं आहे, टेप त्यांच्याकडे आहे म्हणे.