विंचू उतरला, पण पोर गेली!

जूनमध्यें शाळा उघडली आणि पहिल्याच आठवड्यांत आम्हांस हजेरीपटावरील एका नांवावर तांबडी रेघ ओढावी लागली. मुलगी तिसरींत होती. मे महिन्यांत एके दिवशीं तिन्हीसांजेस गोवऱ्या आणावयास ती पडवींत गेली आणि तिच्या बोटाला विंचू चावला. वाडींत विंचू उतरविणारा गृहस्थ होता, त्यास बोलाविलें. त्यानें पाणी मंतरून शिंपडलें, कडुलिंबाच्या डहाळीनें हात झाडला. घटकाभरानें मुलगी म्हणाली, आतां तितकें दुखत नाहीं. सर्वांनीं सुटकेचा श्वास टाकला. पुढें तिला दोन उलट्या झाल्या. शेजारणी म्हणाल्या, बरें झालें, विष पडलें. अंग घामानें निथळूं लागलें; म्हातारीं माणसें म्हणालीं, उतार पडला. हातपाय गार झाले; अंगावर गोधडी घातली. पहांटे तिला श्वास घेतां येईना, तोंडाला तांबूस फेस आला. तेव्हां कोठें रिक्षा शोधण्यास माणूस धांवला. मुलगी दवाखान्यापर्यंत पोंचली नाहीं.

आमच्या वाचकांनीं हा क्रम पुन्हां एकदां वाचावा अशी विनंती आहे. ज्या ज्या खुणेनें त्या घरास धीर आला, ती प्रत्येक खूण धोक्याची होती. आम्हीं स्वतः त्याच मुलीच्या वर्गांत विंचवाला आठ पाय असतात हें फळ्यावर लिहून दिलें होतें. विंचू चावल्यावर काय करावें हें मात्र सांगितलें नव्हतें. तेव्हां हा लेख थोडा आमच्याही पदरीं पडणारा आहे.

काळी इंगळी मोठी, म्हणून आपण तिला भितों. पण कोंकणांत व घाटावर मुलांचा जीव घेतो तो बहुधा लहानसा तांबडा विंचू. त्याचें विष अंगांत शिरलें म्हणजे रक्तवाहिन्या आवळल्या जातात. विहिरीवरचा पंप जोरांत चालू ठेवून पाइपाला गांठ मारावी, तशी हृदयाची गत होते. पंप थकतो आणि फुप्फुसांत पाणी सांचतें. मुलाचें अंग लहान, त्यामुळें तेवढ्याच विषाचा मारा त्याच्यावर जास्त. जें मूल नुसत्या वेदनेनें किंचाळतें, पण ज्याला घाम नाहीं, उलटी नाहीं, हातपाय ऊन आहेत, तें बहुतेक वांचतें. वेदना बेताची, पण घामाच्या धारा, उलट्या, तोंडाला लाळ आणि गार हातपाय, असें मूल संकटांत आहे असें समजावें. मुलगा असेल तर त्याचें इंद्रिय ताठतें. ही खूण लाजेस्तव कोणी सांगत नाहीं, ती डॉक्टरास अवश्य सांगावी.

हें ज्ञान परदेशांतून आलेलें नाहीं. जालना जिल्ह्यांतील एका खेड्यांत गरीब शेतकऱ्याच्या घरीं जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ सालीं महाडजवळील बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रांत आले. त्यांनीं विंचवाच्या रोग्यांशेजारीं रात्री काढल्या आणि लक्षणें लिहून ठेविलीं. रक्तदाबावर वापरली जाणारी प्राझोसिन नांवाची गोळी येथें लागू पडते, हें त्यांनीं व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनीं १९८६ सालीं 'लॅन्सेट' या विलायती वैद्यक पत्रांत मांडलें. पूर्वीं अत्यवस्थ रोग्यांपैकीं शेंकडा पंचवीस-तीस दगावत. ही गोळी वेळेवर मिळूं लागल्यावर तें प्रमाण शेंकडा चारांच्या आंत आलें. विंचवाचें प्रतिविषही आतां मिळतें, आणि तें गोळीच्या जोडीस दिल्यास रोगी लौकर सुधारतो, हें त्यांनींच २०११ मध्यें दाखविलें. सरकारनें त्यांस २०२२ सालीं पद्मश्री दिली. एवढें आपल्याच मुलखांत घडलें, आणि आमच्या वाड्यांत अजून डहाळी फिरते!

विंचू उतरविणाऱ्यास यश कां येतें, हेंही सांगितलें पाहिजे. चावलेल्या पुष्कळ लोकांस फक्त वेदना होते आणि ती एका दिवसांत आपोआप ओसरते. मंत्र म्हणा, न म्हणा. श्रेय मात्र मंत्राला. उरलेल्यांच्या बाबतींत नशिबाला दोष. येथें भटजीकडे बोट दाखवून आम्हांस मोकळें होतां येणार नाहीं. हा मांत्रिक आमचाच भाऊबंद आहे, पुष्कळदां पैही घेत नाहीं, आणि म्हणूनच त्याच्यावरचा विश्वास मोडणें कठीण. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसास औषधोपचारापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणें हा महाराष्ट्रांत २०१३ च्या कायद्यानें गुन्हा आहे. पण आपल्या वाडींतल्या माणसाविरुद्ध फिर्याद कोण देणार? त्यापेक्षां त्यालाच सांगावें, की बाबा, तुझा मंत्र गाडींत बसून म्हण.

कारण वेळ हीच येथें खरी गोष्ट. दंश झालेली जागा कापूं नये, चोखूं नये, करकचून बांधूं नये. मुलास निजवून न्यावें, चालवूं नये. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका फुकट येते. ती येण्यास वेळ लागेल असें वाटलें तर मिळेल त्या वाहनानें निघावें. गोळी घरीं आणून आपल्या मतानें देऊं नये. तिनें रक्तदाब एकदम उतरतो, म्हणून मात्रा वजनावरून डॉक्टरानेंच ठरवावी. आणि बरें दिसलें तरी मूल एक दिवस दवाखान्याच्या नजरेखालीं असावें.

गोवऱ्या, सरपण, कौलें, पेंढा यांत मुलांस हात घालूं देऊं नये. हें काम मोठ्यांनीं काठीनें हलवून, दिवसाउजेडीं करावें. सकाळीं चपला झाडाव्या, अंथरूण झाडावें, भिंतींच्या भेगा लिंपाव्या. मूल भुईवर भिंतीला लागून निजवूं नये. बाज नसेल तर मच्छरदाणी चारी बाजूंनीं अंथरुणाखालीं खोंवावी.

राहिला सरकारी दवाखाना. आपल्या आरोग्य केंद्रांत रात्रीं डॉक्टर असतो काय? प्राझोसिनची गोळी, जी महाग नाहीं, कपाटांत आहे काय, आणि मुदत संपलेली नाहीं ना? १ मे रोजीं ग्रामसभा भरते, तीही विंचवाच्या ऐन दिवसांत. रस्त्याच्या व गटाराच्या ठरावांआधीं हे प्रश्न कोणीतरी उठून विचारावे, आणि उत्तर सभेच्या वहींत लिहून घ्यावें. आमच्या गांवीं ते आम्ही विचारणार आहों.