अंगण वाकडे, तर काम वाकडे



गळीत हंगाम तोंडावर आला की वाड्यावस्त्यांवरून निळा उजेड दिसू लागतो. कुणाच्या ट्रेलरचा फाळका उखडलेला असतो, कुणाच्या कुळवाची फास सुटलेली असते, कुणाला सरी सोडण्याच्या रिजरला नवा पाय हवा असतो. पूर्वी या कामाला तालुक्याच्या गावी जाऊन दोन दिवस नंबर लावावा लागे. आता हातात उचलून नेता येईल एवढे वेल्डिंग मशीन कितीतरी सभासदांच्या घरी आले आहे. ही चांगलीच गोष्ट आहे आणि आम्ही तिचे स्वागत करतो. पण मशीन आले म्हणजे वर्कशॉप झाले, ही समजूत मात्र आम्हांला मान्य नाही. घरच्या वेल्डिंगमध्ये पहिला मान मशीनचा नसून टेबलाचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. सपाट, जड आणि न हलणारे लोखंडी टेबल आधी करावे, मशीनचे पुढे बघावे.

"टेबल कशाला? जमिनीवर चालतंय की!" हे उत्तर आम्हांला ठाऊक आहे. चालते, नाही असे नाही. पण कसे चालते ते जरा बघा. अंगणात दोन विटा, त्यावर अँगल, तो हलू नये म्हणून पोराचा पाय, आणि उकिडवे बसून काम करणारा गडी. नाचता येईना अंगण वाकडे, अशी आपल्याकडे म्हण आहे. वेल्डिंगच्या बाबतीत अंगण खरोखरच वाकडे असते! विटांवर मांडलेल्या चौकटीचा एक कोपरा बोटभर खाली असेल तर टाके मारल्यावर ती तशीच पिळलेली राहते. मग बिजागरी बसत नाही, फाळका लागत नाही, बोल्टाची भोके जुळत नाहीत. तेव्हा घण घेऊन ठोकाठोकी सुरू होते आणि पहिल्याच खेपेला जोड तडकतो.

आपल्या जुन्या लोहाराकडे बघा. त्याच्या भात्याला भोके असतील, सांडशी जुनी असेल, पण ऐरण पक्की. जाड लाकडी ओंडक्यात बसवलेली, जाग्यावरून तसूभर न हलणारी. सुताराचेही तेच. आधी ठिय्या, मग हत्यार. बारा बलुतेदारांना जे कळत होते ते मशीनच्या झगमगाटात आपण विसरावे, हे बरे नव्हे.

हे सारे सुचायला एक निमित्त झाले. आमच्यापैकी काही जण कामानिमित्त पालघर जिल्ह्यातील कुंभवलीस गेलो होतो. उसाचा आणि कुंभवलीचा काय संबंध, असे सभासद विचारतील. संबंध उसाचा नाही, लोखंडाचा आहे. कुंभवली हे बोईसरजवळचे, तारापूर औद्योगिक वसाहतीच्या अगदी अंगावरचे गाव. मुलूख मूळचा भाताचा. जवळच तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून वीज देत आहे, आणि वसाहतीत रसायने, औषधे, कापड, पोलाद असे नाना तऱ्हेचे कारखाने आहेत. अशा ठिकाणी पाइपाचा एक जोड चुकला तर काय होते ते सांगायला नको. तेथे राबणाऱ्या माणसाच्या अंगी आपोआप एक शिस्त येते. तीच शिस्त आम्ही एका घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पाहिली. मशीन साधेच होते. पण शेडच्या मध्यभागी चार पायांवर एक टेबल असे उभे होते की दोघांनी रेटून हलले नाही. घरधनी म्हणाले, "मशीन मागून घेतलं. पहिलं काम टेबलाचं, तेही दुसऱ्याच्या दुकानात जाऊन केलं." आम्हांला ते पटले. त्यांच्याकडून जे शिकलो आणि आमच्या कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये ताडून पाहिले, ते येथे देतो.

टेबलाचा माथा चार फूट बाय अडीच फूट, म्हणजे १२०० बाय ७५० मिलिमीटर, घरच्या कामाला पुरतो. प्लेट १२ मिलिमीटर जाडीची घ्यावी. एक चौरस मीटर पोलादी प्लेटचे वजन जाडीच्या दर मिलिमीटरला ७.८५ किलो भरते. त्या हिशेबाने हा माथा सुमारे ८५ किलोचा होतो. ६ मिलिमीटरची प्लेट साडेबेचाळीस किलोत भागते, पण ती उष्णतेने लवकर वाकते आणि घणाचा मार सोसत नाही. अगदीच परवडत नसेल तर १० मिलिमीटरची घ्यावी. त्याखाली उतरू नये. भंगारातून घेणार असाल तर प्लेटवर सरळ पट्टी आडवी, उभी आणि तिरपी ठेवून खालून उजेड दिसतो का ते बघूनच पैसे मोजावेत. वाकडी प्लेट फुकट मिळाली तरी महाग पडते.

खालची चौकट ५० बाय ५० बाय ६ मिलिमीटरच्या अँगलची करावी आणि ती माथ्यापेक्षा लहान, १००० बाय ५५० मिलिमीटर ठेवावी. म्हणजे चारी बाजूंना प्लेट चार-चार इंच बाहेर राहते आणि शिकंजा लावायला जागा मिळते. ही कड सोडायला पुष्कळ जण विसरतात आणि मग टेबल असूनही काम पकडता येत नाही. चौकटीत दोन आडवे अँगल, चार पाय आणि पायांना खालून बांधणारी पट्टी धरली तर सुमारे ११ मीटर अँगल लागतो. मीटरला साडेचार किलो धरून तो पन्नास किलोच्या आत बसतो. एकंदर टेबल १३५ किलोच्या आसपास जाते. आपल्या बाजारातला किलोचा दर लावून ज्याने त्याने हिशेब करावा.

उंची उभ्याने काम करणाऱ्याच्या कमरेइतकी, साधारण ३४ इंच असावी. उकिडवे बसून केलेल्या कामाची किंमत कंबर आणि गुडघे चुकवतात, आणि ते बिल उतारवयात येते. प्रत्येक पायाच्या तळाला नट जोडून त्यात २० मिलिमीटरचा बोल्ट उलटा बसवावा. शेडची जमीन कशीही असो, बोल्ट फिरवून आणि पाणसळ लावून टेबल सपाटीत आणता येते.

आता खरी मेख. चौकट काटकोनात आहे का, हे डोळ्यांनी ठरवू नये. दोन्ही कर्ण मोजावेत. १२०० बाय ७५० च्या प्लेटचा कर्ण १४१५ मिलिमीटर येतो. आतल्या चौकटीचेही दोन्ही कर्ण एकमेकांशी जुळलेच पाहिजेत. कर्ण जुळले तरी चौकट पिळलेली असू शकते. त्यासाठी समोरासमोरच्या कोपऱ्यांवरून दोन दोरे ताणावेत. मध्यभागी ते एकमेकांना जेमतेम टेकले पाहिजेत. मग खालचा दोरा वर घेऊन पुन्हा बघावे. कोठल्याही वेळी फट दिसली किंवा एक दोरा दुसऱ्याला दाबू लागला, तर पीळ आहे असे समजावे आणि पक्का जोड मारण्याआधीच तो काढावा. या तपासणीला दोन बोट सुतळी लागत नाही, पण ती न केल्याने हजारोंचे लोखंड वाया जाते.

माथा चौकटीवर बसवताना आपला उत्साही गडी कडेने सलग वेल्डिंग ओढत जातो. हे करू नये. एक मीटर लांबीचे पोलाद १०० अंशांनी तापले तर सुमारे १.२ मिलिमीटर वाढते. वेल्डिंगच्या जागी तर ते वितळलेलेच असते, आणि निवताना आकसून शेजारच्या धातूला ओढते. सलग जोड मारला की जाड प्लेटही कमानीसारखी उचलते. इंच-इंचाचे टाके, तेही समोरासमोरच्या बाजूंना आलटून पालटून, मध्ये निवायला वेळ देऊन मारावेत. त्याहून बरे म्हणजे प्लेट खालून बोल्टांनी आवळावी; पुढेमागे झिजली तर उलटी करता येते. हाच नियम टेबलावर होणाऱ्या प्रत्येक कामाला लागू आहे. काम शिकंज्याने आवळा, टाके मारा, गुण्या लावा, मगच जोड भरा.

आता जिवाचे बोलू. कुंभवलीच्या त्या घरधन्याने आम्हांला एक गोष्ट बजावून सांगितली: टेबलाच्या पायासाठी किंवा शेगडीसाठी रसायनाचे रिकामे पिंप कापायला घेऊ नका. त्या भागात अशी पिंपे भंगारात मिळतात. आपल्याकडे डिझेलची, ऑइलची, आसवनीतल्या स्पिरिटची मिळतात. पिंप रिकामे दिसते, पण आत वाफ असते. शिवणीत अडकलेला थेंबभर द्रवही तापला की वाफ होतो आणि ठिणगी पडताच झाकण तोफेसारखे उडते. "पाण्यानं धुतलंय" हे उत्तर पुरेसे नाही. बंद भांड्याला वेल्डिंग किंवा कटिंग घरी करायचेच नाही, हा नियम समजा. जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपाचेही तसेच. टेबलाचे पाय म्हणून तो स्वस्त वाटतो, पण त्याचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो.

डोळ्यांचे काय? पुष्कळ ठिकाणी करणारा काच धरतो आणि पकडणारा तोंड फिरवतो. रात्री दोघांतल्या एकाच्या डोळ्यात वाळू गेल्यासारखे होते, आणि तो बहुधा पकडणारा असतो. टेबल आणि शिकंजे आले की पकडणाऱ्या पोराची गरजच उरत नाही. टेबलाच्या बाजूने भंगार पत्र्याचा आडोसा केला की अंगणातली लहान मुलेही वाचतात. आमच्या मते टेबलाचा सर्वांत मोठा फायदा हाच.

विजेची बाब वेगळी. मशीनची परतीची पकड टेबलाला घासून स्वच्छ केलेल्या जागी लावावी. तिला लोक अर्थिंग म्हणतात, पण मशीनच्या अंगाचे खरे अर्थिंग निराळे असते आणि तेही हवेच. घरच्या जोडणीवर मशीन चालवण्यापूर्वी परवानाधारक वायरमनकडून वायर आणि गळती रोखणारा स्विच तपासून घ्यावा. आकडा टाकून वेल्डिंग करणारा आपल्याबरोबर शेजाऱ्यालाही धोक्यात घालतो. अनवाणी, ओल्या जमिनीवर उभे राहू नये. पायाखाली कोरडी फळी हवी. ट्रॅक्टरला लागून काम असेल तर बॅटरीच्या आणि आल्टर्नेटरच्या वायरी आधी सोडाव्यात, आणि परतीची पकड जोडाच्या अगदी जवळ लावावी, नाहीतर प्रवाह बेअरिंगमधून जाऊन ते खराब होते. आणि पाचट! शेडपासून पस्तीस फुटांच्या आत पाचट, कडबा, गंजी नसावी. ठिणगी लांब उडते आणि काम संपल्यावरही धुमसत राहते. म्हणून काम झाल्यावर अर्धा तास कोणीतरी तेथे थांबावे, पाण्याची बादली जवळ असावी.

टेबल झाले म्हणजे सगळेच घरी करावे, असेही आमचे म्हणणे नाही. ट्रेलरचा हुक आणि दांडी, आस, स्टिअरिंगचे भाग ही कामे घरी करू नयेत. भरल्या उसाचा ट्रेलर चढावर सुटला तर मागे कोण असेल ते सांगता येत नाही. कारखान्याच्या बॉयलरवर वेल्डिंग करणाऱ्याला परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावे लागते, ते उगाच नाही. ज्या जोडावर माणसाचा जीव टांगलेला आहे तो शिकलेल्या हातानेच व्हावा. फाळका, गेट, कुळव, पाण्याच्या टाकीचे स्टँड, गोठ्याची गव्हाण एवढे घरच्या टेबलावर झाले तरी पुष्कळ झाले.

"एवढा खर्च एकट्यानं कसा करायचा?" हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्या कारखान्याच्या उभारणीतच आहे. एकट्याला गाळप जमत नव्हते म्हणून तर आपण भाग घेऊन एकत्र आलो. मग गटातल्या दहा-पंधरा सभासदांना मिळून एक टेबल का जमू नये? टेबल झिजत नाही, त्याला वीज लागत नाही, आणि नीट सांभाळले तर ते पुढच्या पिढीलाही पुरते. गावात आयटीआयचा वेल्डर ट्रेड केलेली मुले आहेत, त्यांच्या हातालाही काम मिळेल. आमची संचालक मंडळास सूचना आहे की बंद हंगामात वर्कशॉपच्या माहीतगार कामगारांकरवी प्रत्येक गटात एक दिवसाचे प्रात्यक्षिक ठेवावे, आणि त्या दिवशी तेथेच एक टेबल उभे करून द्यावे. सभासदांनी वार्षिक सभेत हा विषय जरूर मांडावा. चहापाण्यावरून होणाऱ्या चर्चेपेक्षा ही चर्चा खचितच उपयोगी ठरेल.

तोपर्यंत ज्यांच्या घरी मशीन आहे त्यांनी वाट पाहत बसू नये. खंडेनवमीला आपण विळा, कोयता, पाना, मशीन सगळे मांडून पूजा करतो. यंदा ती हत्यारे मांडायला घरचे स्वतःचे सपाट टेबल असू द्या. हळदकुंकू लावण्यापूर्वी पाणसळ तेवढी लावून बघा.