मिसेस डिसांचा पंचनामा

मुक्काम खुलताबाद,
जिल्हा छत्रपती संभाजीनगर

चित्रपट-दिग्दर्शक श्री. श्रीराम राघवन यांस,


आपला 'अंधाधुन' ५ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी घाट उतरून शहरात जाऊन तो पाहिला, आणि रात्री परत येताना, दौलताबादच्या जुन्या कोटाच्या दरवाजातून आमची गाडी जात असता, जे वाक्य माझ्या मनात आले ते आज इतक्या वर्षांनी कागदावर उतरवीत आहे: या गृहस्थाने आम्हांस अंधारीतून नेऊन आणले.

अंधारी म्हणजे काय, ते देवगिरीच्या, म्हणजेच दौलताबादच्या किल्ल्याच्या, परिसरात आयुष्य काढलेल्या माणसाने सांगणे अवश्य आहे. उभा तासलेला कडा व खोल खंदक यांवरील चिंचोळा पूल ओलांडला की किल्ल्याची वाट डोंगराच्या पोटात शिरते. तेथे पायऱ्या हेतुतः लहानमोठ्या कोरलेल्या, वळणे हेतुतः फसवी. कोठे उजेडाचा कवडसा दिसावा आणि त्या आशेने धावणाऱ्याने थेट खंदकात कोसळावे अशी योजना. आणि इतक्यातूनही जो कोणी वर पोचेल त्याच्यासाठी तोंडाशी निखारे पेटवून सारी वाट धुराने कोंडून टाकण्याची तजवीज. ही वाट माणसे मारण्याच्या एकमेव उद्देशाने खोदली गेली, आणि तरीही सुट्टीच्या दिवशी कुटुंबेच्या कुटुंबे लेकरांचे हात धरून हसत-किंचाळत तीतून जातात, वाटाड्याने मधेच उजेड मालवला की एकमेकांना घट्ट बिलगतात, आणि बाहेर आल्यावर निम्मी पोरे पुन्हा आत जाण्याचा हट्ट धरतात.

हा आनंद संकटातून सुटल्याचा असावा असे मी पुष्कळ वर्षे मानीत आलो. आपल्या चित्रपटाने ती समजूत दुरुस्त केली. वाटाडा जेव्हा म्हणतो, 'शत्रू येथे डावीकडे वळायचा आणि खाली पडायचा', तेव्हा ऐकणाऱ्याच्या मुद्रेवर जे तेज चढते ते सुटकेचे नसते; शेकडो वर्षांपूर्वी ज्या कोणा स्थपतीने हा सापळा योजला त्याच्या बुद्धीत आपणही घटकाभर वाटेकरी झालो, या जाणिवेचे ते तेज असते. पडणारा शिपाई त्या क्षणी कोणाच्याही मनात नसतो. रहस्यप्रधान, रक्तरंजित चित्रपटाची मोहिनी नेमकी येथे आहे असे मला वाटते, आणि या पत्राचे कारणही तेच आहे.

आपल्या कौशल्याविषयी लिहिताना संकोच करण्याचे प्रयोजन नाही. ऑलिव्हिए त्रेनेर यांच्या २०१० सालच्या एका अल्पशा फ्रेंच लघुपटातील बीज आपण घेतले, त्याला पुण्याच्या मातीत रुजविले, आणि त्याचा विस्तार इतका स्वतंत्र केला की २०१९ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा मान त्याला मिळाला व पटकथेचाही गौरव झाला. परंतु माझ्या दृष्टीने त्या चित्रपटाचे सारे वैभव एका प्रसंगात साठले आहे. संगीताच्या साधनेसाठी आंधळ्याचे सोंग घेतलेला आकाश सिमीच्या घरी पियानो वाजवीत बसला आहे; जमिनीवर तिच्या पतीचा, एके काळी रुपेरी पडदा गाजविलेल्या प्रमोद सिन्हाचा, मृतदेह पडला आहे; मारेकरी स्नानगृहात दडलेला; आणि पुढे ती दोघे मुकाट्याने, खुणांच्या भाषेत, प्रेत आवरतात, रक्त पुसतात, तेव्हा हा तरुण सारे पाहतो आहे आणि बोटांचा एकही सूर चुकू देत नाही. ती दोघे एक शब्दही उच्चारीत नाहीत, आणि तरी प्रेक्षागारातील प्रत्येकाचा श्वास अडकतो. कारण अंधारात बसून सर्व पाहणे आणि तोंडातून चकार न काढणे, ही त्या घटकेस आकाशची जी अवस्था तीच आमचीही अवस्था असते. पुढे तो धीर करून पोलीस ठाण्यात जातो, तर ज्याने फिर्याद नोंदवून घ्यायची तोच गुन्हेगार निघतो, आणि ज्याच्या हुकुमाने पंचनामा व्हायचा त्यानेच आधी रक्त पुसलेले असते. तेथून न्यायाची प्रत्येक वाट बंद होत जाते.

आमच्या पिढीस ही गोडी नवी नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, आणि झुंजार व काळापहाड यांच्या करामती पाठ्यपुस्तकाच्या आड लपवून वाचल्या नाहीत असा माझ्या वयाचा विद्यार्थी मराठी मुलखात क्वचितच सापडेल. मात्र त्या कथांत शेवटच्या पानावर गुन्हेगाराच्या हातात बेड्या पडत आणि वाचक निर्धास्त मनाने दिवा मालवीत असे. आपण तो निर्धास्तपणा आम्हांस नाकारला. परदेशातील रस्त्यावर आकाश आपल्या काठीने वाटेतला डबा उडवितो, आणि त्याला दिसत होते की नव्हते, त्याने सांगितलेल्या कहाणीतील खरे किती आणि रचलेले किती, याचा वाद घराघरांत आठवडेच्या आठवडे चालला. आमच्या घरी तो अजून मिटलेला नाही.

मी हिंसेविरुद्ध अर्ज घेऊन आलेलो नाही, हे येथेच नमूद करतो. वेरूळच्या लेण्यांत लहानपणापासून हिंडलेल्या माणसास कलेतील हिंसेचे भय वाटण्याचे कारण नाही. तेथे शिव अंधकासुरास त्रिशुळावर उचलून धरतो, आणि रक्ताचा थेंब भूमीवर पडून त्यातून नवा असुर निपजू नये म्हणून तो पात्रात झेलला जातो. भरतमुनींनी वध, युद्ध, नगराचा वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, प्रवेशकातून सुचवाव्यात असे सांगितले खरे. पण भासाने 'ऊरुभंगा'त दुर्योधनास रंगभूमीवरच मरू दिले आणि त्या मरणातून करुणेचा साक्षात्कार घडविला. दाखवावे की न दाखवावे हा वाद म्हणूनच मला गौण वाटतो. कोणत्या क्षणी हात थांबवावा, एवढाच खरा प्रश्न आहे. पंधराव्या लेण्यात, दशावतारात, नरसिंहाचा हात हिरण्यकशिपूवर नुकता पडला आहे, त्या दैत्याच्या हातात ढाल-तलवार अद्याप आहे, आणि शिल्पकार तेथे थांबला आहे. पोट फाडले जाण्याची घटना पाहणाऱ्याच्या मनात घडते, आणि बाराशेहून अधिक वर्षे ती प्रत्येकाच्या मनात नव्याने घडत आली आहे. आपला पियानोचा प्रसंग त्या शिल्पाच्या जातीचा आहे, ही माझी प्रामाणिक भावना आहे.

आता तक्रार सांगतो. गेल्या महिन्यात घरातील तरुण मंडळींसमवेत मी 'अंधाधुन' पुन्हा पाहिला. सिमीच्या शेजारी राहणाऱ्या वृद्ध मिसेस डिसा, ज्यांनी खुनाच्या दिवशी एक अनोळखी पुरुष त्या घरात शिरताना पाहिला आणि जे पाहिले ते सरळपणाने पोलिसांना सांगितले, त्यांना सिमी इमारतीवरून खाली ढकलून देते. आकाश तेथे उभा असतो आणि न दिसल्याचे सोंग चालू ठेवतो. त्या क्षणी खोलीतील सारी मुले खळखळून हसली. मुलांना दोष देण्याचा मला अधिकार नाही, कारण पहिल्या खेपेस चित्रपटगृहात मीही हसलो होतो. सिमीने किती चटकन मार्ग काढला, आकाशची किती कोंडी झाली, याचे ते हसू होते. सापळा योजणाऱ्याच्या बुद्धीत आम्ही वाटेकरी झालो होतो आणि पडणारी म्हातारी आमच्या लेखी एका वळणापुरती उरली होती. त्या साऱ्या कथेत डोळे असून पाहणारी आणि पाहिलेले बोलून दाखविणारी बहुधा ती एकटीच बाई, आणि तिच्या प्रेतापाशी आपला कॅमेरा जेमतेम रेंगाळून पुढे निघून गेला. तिच्या घराचे दार कोणी लावले, तिच्यासाठी रडणारे कोणी होते की नव्हते, हे आम्हांस कधीच कळले नाही.

कदाचित मी मृतांच्या गावात राहतो म्हणून ही गोष्ट मला अधिक बोचत असेल. आमच्या गावाचे जुने नाव रौजा. येथे औरंगजेब बादशहाची उघड्या आभाळाखालील साधी कबर आहे, मलिक अंबरचा घुमट आहे, बुऱ्हाणुद्दीन गरीब आणि झैनुद्दीन शिराझी या सत्पुरुषांचे दर्गे आहेत, आणि भद्रा मारुतीला पायी येणाऱ्या भाविकांची वाट यांच्या शेजारूनच जाते. पण या नामवंतांखेरीज माळावर आणि शेतांच्या बांधांवर ज्यांचे नाव-गाव कोणत्याही दफ्तरात सापडणार नाही अशा असंख्य कबरी विखुरल्या आहेत, आणि शेळ्या हाकणारे पोरसुद्धा त्यांवर पाय न देता वळसा घालून पुढे जाते. तो वळसा घेण्यास त्याला कोणी शिकविलेले नसते.

आणखी एक आठवण सांगणे भाग आहे. १९७२ ते १९७४ या काळात परभणी जिल्ह्यातील मानवत येथे स्त्रिया आणि लहान मुली यांच्या एकामागून एक हत्या झाल्या. दुष्काळाने आधीच होरपळलेल्या मराठवाड्यात त्या वार्तेने जो थरकाप उडविला त्यात रहस्याचे सुख तिळभरही नव्हते; मी तेव्हा शाळकरी होतो, आणि मानवत आमच्यापासून कोसन् कोस दूर असूनही दिवेलागणीनंतर आई आम्हां भावंडांस, विशेषतः बहिणीस, अंगणाबाहेर पाऊल टाकू देत नसे. त्या प्रकरणाच्या तपासासाठी मुंबईहून रमाकांत कुलकर्णी आले. ज्या रमन राघववर आपण १९९१ साली रघुवीर यादव यांना घेऊन चित्रपट केला, त्याच्या तपासाची धुराही १९६८ साली याच अधिकाऱ्याने वाहिली होती. २०२४ साली 'मानवत मर्डर्स' ही मालिका आली, ती मी पाहिली, आणि तपासाचा धागा उलगडत जाताना माझेही कुतूहल जागे झाले, हे कबूल करतो. पण मधेच आईचा तो दारात उभा राहून हाका मारणारा आवाज कानी आला, आणि कुतूहलाला लगाम बसला. ज्यांच्या कानांत असा आवाज नाही, त्या प्रेक्षकांसाठी तो लगाम दिग्दर्शकाखेरीज कोण घालणार?

आपल्याला हे साधत नाही असे नव्हे. 'बदलापूर'मध्ये आपण एका आईचा आणि तिच्या लेकराचा मृत्यू प्रारंभीच दाखविला, आणि तो पुढे एका घटकेसही विसरू दिला नाही. सूडाने पेटलेला त्या स्त्रीचा पती रघू जसजसा स्वतःच क्रूर होत गेला तसतसे ते दोन मृत्यू आम्हांस अधिक जड होत गेले. म्हणूनच ही विनंती मी इतर कोणास न करता आपणांस करीत आहे. आपल्या पुढील चित्रपटात वळणे हवी तितकी ठेवा, खून हवे तितके होऊ द्या, अखेरीस आम्हांस पुन्हा निरुत्तर करा. पण कथेच्या सोयीसाठी जो मारला जाईल, साक्षीदार असो, शेजारी असो, दारावर आलेला कोणी परका असो, त्याच्यापाशी कॅमेऱ्याला एक वळसा घ्यायला लावा. त्याच्या खिशात काय होते, त्याच्या चुलीवर काय शिजत होते, त्याची वाट पाहत कोण बसले होते, यांतील एखादीच गोष्ट आम्हांस दाखवा. चित्रपटाचा वेग त्याने अर्धे मिनिट मंदावेल. पियानोच्या प्रसंगात ज्याने आम्हांस कितीतरी मिनिटे श्वास रोखून बसविले, त्याच्यापाशी अर्धे मिनिट नाही, हे मी मानणार नाही.

आणि सवड झाल्यास एकदा इकडे या. देवगिरीची अंधारी सकाळी पाहू, उन्हे चढण्यापूर्वी. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, तो दिवस टाळावा. ती पश्चिमाभिमुख आहेत. दुपार कलल्यावर पंधराव्या लेण्याच्या पायऱ्या चढून वरच्या मजल्यावर गेलो तर नरसिंहासमोर पुरेसा उजेड असेल, आणि आपण दोघे तेथे थोडा वेळ बसू.

कळावे, लोभ असावा.

आपला,
खुलताबादचा एक प्रेक्षक