‘विकासाची किंमत’ नावाची लबाडी

‘विकासाची काही किंमत मोजावीच लागते’ हे वाक्य मराठीत इतके रुळले आहे की ते कोण, कोणाला उद्देशून म्हणतो आहे हे विचारण्याचे भानही उरलेले नाही. अग्रलेखांत ते येते, मंत्र्यांच्या भाषणांत येते आणि खेदाची गोष्ट अशी की ‘जागतिकीकरण आणि साहित्य’ या विषयावरील चर्चासत्रांतल्या निबंधांतही ते निसर्गनियम सांगावा अशा थाटात येते. प्रदूषण ही जागतिकीकरणाची किंमत, असे एकदा म्हटले की वक्ता मॉल, मोबाइल आणि मध्यमवर्गीय माणसाचे तुटलेपण यांकडे वळायला मोकळा. आमचे म्हणणे असे की हे वाक्य नुसते उथळ नाही, ते खोटे आहे. शब्दांचे अर्थ तपासणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांनी तरी ते न तपासता पुढे सरकवू नये.

‘किंमत’ हा बाजारातला शब्द आहे. बाजाराचे साधे नियम असे: जो किंमत मोजतो त्याला माल मिळतो, किंमत आधी सांगितली जाते, आणि न परवडल्यास न घेण्याची मुभा असते. यांतला एकही नियम पाळला जात नसेल तर त्या व्यवहाराला किंमत मोजणे म्हणत नाहीत. त्यासाठी मराठीत वेगळे आणि पुरेसे स्पष्ट शब्द आहेत.

एक उदाहरण घेऊ. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात वॉटरटाउन येथे तापमापक बनवणारा एक कारखाना होता. पाऱ्याच्या धोक्याविषयी तिकडे जागरूकता वाढत गेली आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीस हा उद्योग तमिळनाडूतील कोडाईकनालच्या डोंगरावर आला. पांबार शोला या जंगलाच्या माथ्यावर कारखाना उभा राहिला. मूळ अमेरिकी कंपनी १९८७ साली युनिलिव्हरच्या ताब्यात गेली आणि पुढे कारखान्याची मालकी मुंबईत मुख्यालय असलेल्या हिंदुस्थान लिव्हरकडे, म्हणजे आजच्या हिंदुस्थान युनिलिव्हरकडे आली. पारा मुख्यतः अमेरिकेतून यायचा, तयार तापमापक परदेशी जायचे. कोडाईकनालला राहायचे ते फुटकी काच, सांडलेला पारा आणि त्याची वाफ. पाऱ्याची वाफ मज्जासंस्थेवर आणि मूत्रपिंडांवर परिणाम करते, हे काही तेव्हा लागलेले शोध नव्हेत. मार्च २००१ मध्ये गावातल्या भंगारवाल्याकडे पारा लागलेल्या काचेचा ढीग उघडकीस आला आणि कारखाना बंद पडला.

आता वरचे तीन नियम लावून पाहा. ताप मोजण्याचे साधन परदेशी गेले, नफा भागधारकांकडे गेला. मग ‘किंमत’ मोजणाऱ्या कामगाराला कोणता माल मिळाला? रोजगार मिळाला, असे उत्तर येईल. पण रोजगार हा श्रमाचा मोबदला. फुप्फुसांत गेलेल्या पाऱ्याचा मोबदला त्यात धरलेला नव्हता. आपल्याला धोक्याची नीट कल्पना दिली गेली नाही, पुरेशी संरक्षक साधनेही मिळाली नाहीत, असे कामगार वर्षानुवर्षे सांगत आले. त्यांच्या प्रकृतीवर कामाचा दुष्परिणाम झालेला नाही, अशी कंपनीची भूमिका राहिली. या वादात कोणाला काय वाटायचे ते वाटो; ज्याला आपण काही मोजतो आहोत याचीच कल्पना नाही त्याने किंमत मोजली, असे म्हणणे ही भाषेशी केलेली बेइमानी आहे.

या व्यवस्थेचे तत्त्वज्ञान एका कागदावर उतरलेलेही आहे. १२ डिसेंबर १९९१ या तारखेचे, जागतिक बँकेचे तेव्हाचे प्रमुख अर्थतज्ज्ञ लॉरेन्स समर्स यांच्या सहीचे एक अंतर्गत टिपण पुढे जगजाहीर झाले. आजारपणाचे आणि मृत्यूचे मोल बुडालेल्या मजुरीवरून ठरते, तेव्हा विषारी कचरा सर्वांत कमी मजुरीच्या देशात टाकणे हे आर्थिक तर्काला धरूनच आहे, असा त्याचा आशय होता. तो उपरोध होता, असा खुलासा नंतर करण्यात आला. उपरोध आम्हांलाही शिकवावा लागतो. जे घडत नाही त्याची कल्पना करून उपरोध साधतो. जे आधीच घडत असते ते लिहून काढले तर त्याला इतिवृत्त म्हणतात. हे टिपण लिहिले गेले तेव्हा कोडाईकनालचा कारखाना सुरू होता.

यावर आक्षेप असा की आता आंतरराष्ट्रीय करार झाले आहेत. झाले आहेत खरे. घातक कचऱ्याच्या देशांतर्गत नव्हे, देशोदेशींच्या वाहतुकीवर नियंत्रण आणणारा बाझल करार १९८९ साली झाला. श्रीमंत देशांनी असा कचरा इतर देशांत पाठवू नये ही बंदीची दुरुस्ती १९९५ साली संमत झाली आणि अमलात आली २०१९ साली. अमेरिकेने तर मूळ करारालाही आजवर मान्यता दिलेली नाही. पण त्याहून मोठी गोम अशी की हा करार कचऱ्याच्या निर्यातीवर आहे. कचरा निर्माण करणारा कारखानाच उचलून दुसरीकडे नेला, तर त्याचे नाव निर्यात नसते, ‘परकीय गुंतवणूक’ असते. शब्द बदलला की गुन्हा सत्कारास पात्र होतो.

शब्दांचा हा खेळ शेवटपर्यंत चालला. लोकांच्या आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या रेट्यामुळे २००३ साली कोडाईकनालचा सुमारे २९० टन पारामिश्रित कचरा जहाजाने अमेरिकेला परत गेला. म्हणजे ज्या वाटेने माल गेला त्याच वाटेने विषही माघारी जाऊ शकते. ते अटळ नसते. मार्च २०१६ मध्ये ५९१ माजी कामगारांशी कंपनीची तडजोड झाली. पण दिलेली रक्कम ‘नुकसानभरपाई’ नव्हती, ‘सानुग्रह’ होती. म्हणजे कृपेने दिलेली. एका विशेषणाने हक्काची भिक्षा झाली. शैलीविज्ञानाच्या वर्गात याहून चांगला उतारा कोणता मिळेल?

त्या तडजोडीच्या काही महिने आधी, जुलै २०१५ मध्ये, चेन्नईच्या सोफिया अश्रफ या रॅप गायिकेने एका लोकप्रिय अमेरिकी गाण्याच्या चालीवर ‘कोडाईकनाल वोन्ट’ हे गाणे रचले आणि चौदा वर्षांच्या अर्जविनंत्यांकडे न फिरकलेले जग ते ऐकायला थांबले. एकट्या गाण्याने तडजोड घडवली असे आम्ही म्हणत नाही. तिच्यामागे कामगारांची दीर्घ लढाई होती. पण बाजाराचीच चाल उचलून बाजाराला जाब विचारणारी ही रचना आमच्या ‘जागतिकीकरणाच्या साहित्या’च्या व्याख्येत बसत नसेल, तर व्याख्या तपासावी लागेल, रचना नव्हे.

म्हणून साहित्याच्या अध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना आमचे सांगणे आहे. कवितेतील प्रतिमा जितक्या बारकाईने वाचता, तितक्याच बारकाईने कंपन्यांची निवेदने आणि सरकारी अहवाल वाचा. ‘किंमत’, ‘गुंतवणूक’, ‘सानुग्रह’ हे शब्द कोणाच्या तोंडी आहेत, त्या वाक्याचा कर्ता कुठे लपवला आहे, कर्म कोण झाले आहे, हे व्याकरणाचे साधे प्रश्न विचारा. ‘किंमत मोजावी लागते’ या प्रयोगात मोजणाऱ्याचे नाव येत नाही. ते नाव लिहिल्याशिवाय यापुढे कोणत्याही निबंधात ते वाक्य खपवून घेऊ नये.